परदेशात मास्तरकी केलेलं कुणी आहे का इथं? (थायलंड, आणि एकूणच)

तासगावचा_मास्तर

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं नुसता वाचतोय इथं, लिहायला कधी बसलो नाही, पण आता निर्णय गळ्याशी आलाय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी थायलंडमध्ये आहे. बँकॉक-पट्टाया नव्हे, ईसान म्हणजे ईशान्येकडचा भाग, भातशेती आणि चिकट भात. जिल्ह्याच्या गावी एका शाळेच्या इंग्लिश प्रोग्रामला, म्हणजे इंग्रजीतून शिकवायच्या वर्गांना, गणित शिकवतो. चौथं वर्ष चालू आहे. त्याआधी गावाकडं सहा वर्षं विनाअनुदानित शाळेत घासली, २० टक्के अनुदान येणार, येणार, आलं, ते कुणाला आलं तर मला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी कायम व्हायचं तर जो आकडा सांगितला तो ऐकून वडील म्हणाले, अर्धी बाग काढावी लागेल रे. मग एका मित्रानं एजंटचा नंबर दिला आणि आलो इकडं.

आता झालंय असं की मागं रजा काढून येऊन अभियोग्यता चाचणी दिली होती, आणि पवित्र पोर्टलच्या (सरकारी शिक्षकभरतीची साइट) यादीत नाव लागलंय. आपल्याच जिल्ह्यात, माध्यमिकला. म्हणजे ३ वर्षं शिक्षणसेवक, १८ हजार मानधन, मग कायम. आणि इथली शाळा म्हणतेय पुढच्या वर्षाच्या करारावर या महिन्यात सही करा. इथं २२ हजार बाट मिळतात, रुपयात पंचावन्न-साठ हजार धरा.

पैशाचं गणित मला येतं, शिकवतोच ते. प्रश्न दुसरा आहे. इथं चांगलं चाललंय असं वाटतं आणि त्याच दिवशी संध्याकाळी वाटतं की बॅग भरावी. तुमच्यापैकी जे बाहेर शिकवतात किंवा शिकवून परत आले त्यांना काय वाटलं? परत आल्यावर पस्तावलात का? राहून पस्तावलात का?

खवट_खोबरं

थायलंडला चार वर्षं राहून माणूस गणित शिकवतो आणि घरच्यांचा त्यावर विश्वास बसतो, हेच मोठं आहे. (हलके घ्या)

अनुराधा_शारजा

खवट, पहिलाच प्रतिसाद असला द्यायलाच हवा होता का.

मास्तर, मी शारजात १७ वर्षं शिकवते, सीबीएसईची शाळा. पण खरं सांगू का, मला कधी "परदेशात शिकवते" असं वाटलंच नाही. मुलं आपली, पुस्तकं आपली, पालक तर फारच आपले, पेपरात अर्धा मार्क कापला तर रात्री दहाला मेसेज. बाहेर ४५ डिग्री आणि वर्गात पावसाळ्यावर निबंध, एवढाच काय तो फरक. इथलं रडगाणं वेगळं आहे. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला पगार कमी, घरभाडं नाही, "तुम्हाला कशाला, तुमच्या मिस्टरांना मिळतंय की". एकच काम, दोन पगार. तुमच्याकडे असं काही आहे का?

हां आणि एक फायदा, २०२२ पासून शारजाला शुक्र-शनि-रवि तीन दिवस सुट्टी. बाकी अमिराती जळतात आमच्यावर.

पोटभर

शाकाहारी आहात का मास्तर? तिथे काय खाता? एवढंच विचारायला लॉगिन केलंय.

तासगावचा_मास्तर

@अनुराधाताई, एकच काम दोन पगार म्हणालात तिथंच दुखतंय. शाळेत पगाराचे दोन रकाने आहेत, नेटिव्ह आणि नॉन-नेटिव्ह. नेटिव्ह म्हणजे इंग्रजी मायभाषा असलेल्या ठरावीक देशांचा पासपोर्ट. गेल्या वर्षी २३ वर्षांचा एक पोरगा आला, स्वभावानं गुणी, खोटं कशाला बोलू, पण पदवी कसल्यातरी हॉटेल मॅनेजमेंटची आणि वर्गात पाऊल पहिल्यांदाच. त्याला ३८ हजार. मी बी.एस्सी., बी.एड., दहा वर्षांचा अनुभव, मला २२. फिलिपिनो बायका आहेत, त्यांच्यातली एक बारा वर्षं आहे इथं, सगळ्यांचं टाइमटेबल तीच लावते, ती माझ्याच रकान्यात. शाळेच्या गेटवर जो मोठा बोर्ड लागला त्यावर त्या पोराचा फोटो मध्यभागी. मी आहे, मागच्या रांगेत, माझ्या अर्ध्या तोंडावर शाळेचा लोगो आलाय.

आणि गणित शिकवायला मला इंग्रजीची टोइक परीक्षा द्यायला लावली. दिली. त्याला कशाला विचारतील.

@पोटभर, घरी माळकरी आहेत, मी अंडं खातो. इथं शाकाहाराला शब्द काय आहे ऐका, "मांग्सविरात". मांस-विरती! मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाजारात उभ्या उभ्या हसलो. पण शब्द संस्कृत असला तरी भाजीत नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, पडतंच, कारण ते त्यांच्या लेखी मीठ. "मासा नको" म्हटलं की म्हणतात नाही नाही, मासा नाहीच आहे. तेव्हा भात स्वतः लावतो. डाळ, हिंग, मोहरी बँकॉकच्या पाहुरत भागातून आणतो, रात्रीच्या बसनं, वर्षातून दोनदा.

काळीमैना

मांसविरती!!! मास्तर अजून सांगा असे शब्द. भाषावाल्यांचा धागा व्हायची लक्षणं आहेत.

लाटकर

मी मालदीवमध्ये ७ वर्षं होतो. फिजिक्स, केंब्रिज ओ लेव्हल. आता सातारला परत येऊन क्लास काढलाय. त्यामुळे लिहायचा हक्क आहे माझा. :)

पहिल्यांदा ज्या बेटावर टाकलं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा मिनिटांत चालून संपायचं. जाहिरातीतला मालदीव वेगळा, तो रिसॉर्टच्या बेटांवर. आमच्या बेटावर एक शाळा, एक मशीद, एक दवाखाना, तीन दुकानं आणि त्यात कांदे आले की गावभर बातमी. रविवार ते गुरुवार शाळा. रात्री जनरेटरचा आवाज आणि समुद्राचा. पहिला महिना मी रोज धक्क्यावर जाऊन बसायचो, बोट येते का बघत, माझं कुणीही येणार नसायचं.

पण मुलं! कोरल रीफ शिकवायचं म्हटलं की वर्ग उठवायचा आणि पाण्यात. लाटेची वारंवारता फळ्यावर काढली की मागच्या बाकावरचा पोरगा सांगायचा, सर या आठवड्यात लाटा अशा नाहीत, वारा फिरलाय. त्याचा बाप ट्यूना पकडायला जायचा, बांबूच्या गळानं, एकेक मासा. त्या पोराला तरंग मी काय शिकवणार.

काळीमैनासाठी: धिवेही, म्हणजे मालदीवच्या भाषेतले आकडे. एकेय, देय, तिनेय, हतरेय, फहेय, हयेय, हतेय, अशेय, नुवएय, दिहएय. सगळं आपलंच. साखरेला हकुरु. लिपी मात्र उजवीकडून डावीकडे, त्यामुळे मुलं इंग्रजी लिहिताना सुरुवातीला वहीच्या मागून सुरू करायची.

तक्रार एकच पण मोठी, डॉलर. पगार रुफियात आणि घरी पाठवायला डॉलर हवेत, ते बँकेत मिळायचे नाहीत पुरेसे, मग बाहेरून चढ्या भावानं घ्यायचे. पगाराचा आकडा सांगून कुणी बोलावलं तर आधी विचारा, घरी किती पोचतो.

अण्णा_फलटणकर

वाचून जुन्या आठवणी आल्या. माझे वडील सम्राट हैले सेलासीच्या काळात इथिओपियात शिक्षक होते, हरारला, १९६६ ते १९७४. त्या काळी तिथल्या शाळांत भारतीय मास्तर खूप. मी तिथेच तिसरीपर्यंत शिकलो.

आईचा मोठा प्रश्न घड्याळ. त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो, म्हणजे आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १. वडिलांना पहिल्या दिवशी शाळेतून सांगितलं, दोन वाजता या. वडील जेवून दुपारी दोनला इस्त्रीचा कोट घालून पोचले. शाळा सकाळी आठलाच भरली होती! वर्षही वेगळं, आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे, आणि महिने १३. वडील म्हणायचे, तेरावा महिना पाच दिवसांचा, पगार मात्र बाराच. इंजेरा म्हणजे भली मोठी आंबोळी समजा, टेफ नावाच्या धान्याची, आंबवलेली. आई फलटणला परतल्यावरही ज्वारीच्या पिठाची तशी करायची.

१९७४ ला सम्राटांना पदच्युत केलं आणि आम्ही दोन ट्रंका घेऊन निघालो. वडिलांना इथे सगळे "हबशी मास्तर" म्हणायचे. प्रेमाने म्हणायचे, पण म्हणायचे. तिथे इंडियन, इथे हबशी.

खवट_खोबरं

अण्णा, दंडवत. थायलंडचं कॅलेंडर आपल्या ५४३ वर्षं पुढे ना? म्हणजे मास्तरांनी ईसानहून थेट हरारला विमान पकडलं तर साडेपाचशे वर्षांनी तरुण होतील. शिक्षणसेवकाला वयाची अट असेल तर कामाला येईल.

वैदर्भीय_मॅडम

मी नागपूरची, अमेरिकेत दक्षिणेकडच्या एका राज्यात, जे-१ म्हणजे एक्स्चेंज प्रोग्रामच्या व्हिसावर. स्पेशल एज्युकेशन. तिसरं वर्ष. तीन अधिक दोन असे पाचच वर्षं मिळतात ह्या व्हिसावर, म्हणजे तुमच्यासारखा "राहू की जाऊ" हा प्रश्नच नाही, सरकारनं उत्तर आधीच लिहून ठेवलं आहे.

इथं पगार ऐकून माहेरचे चाट पडतात. त्यातून एजन्सी, घरभाडं, गाडी (गाडीशिवाय दूधही आणता येत नाही), वर्गातल्या पेन्सिली-खडू-टिश्यू आपल्या पैशानं, हो, आपल्याच. आम्ही तिघी भारतीय शिक्षिका एका अपार्टमेंटमध्ये राहतो, एक हैदराबादची, एक लुधियानाची, रविवारी तिघींचा मिळून पोहे-पराठा-पेसरट्टू असा कार्यक्रम.

मुलं मला मिस म्हणतात, नाव घ्यायचं झालं तर त्यांना जमत नाही. माझ्या वर्गात नऊ मुलं. एकाला आवाज सहन होत नाही. इथं लॉकडाऊन ड्रिल असते, म्हणजे बंदूक घेऊन कुणी आला तर काय करायचं त्याची तालीम. दिवे बंद, दार लावायचं, कोपऱ्यात बसायचं, चूप. त्या पोराला मांडीवर घेऊन मी अंधारात बसले होते, त्याचे कान माझ्या तळहातांनी झाकून, आणि दाराबाहेर प्रिन्सिपल हँडल हलवून बघत होते लागलंय का. आपल्याकडे फायर ड्रिल पण धड होत नाही आणि इथं हे. त्या दिवशी आईला फोन केला तर ती विचारते, जेवलीस का. म्हटलं हो.

मास्तर, मी पस्तावले नाही. पण कुणी "अमेरिकेत मजा आहे बुवा" म्हटलं की डोकं फिरतं.

जळगावी_भरीत

मला धाग्याचा सूर पटलेला नाही. पवित्र पोर्टलवर नंबर लागायला इथे लोक वर्षानुवर्षं वाट बघतायत, माझी बायको त्यातलीच. आणि ज्यांना लागला ते थायलंडमधून "जाऊ की नको" विचारतायत. जागा घ्यायची नसेल तर सोडा, मागच्याला मिळेल. आणि गोऱ्याला जास्त पगार म्हणून कसलं रडायचं, आपल्याकडच्या इंटरनॅशनल शाळांत काय वेगळं आहे? पुण्यातल्या एका शाळेत मी दोन वर्षं होतो. गोऱ्या मास्तराला फ्लॅट, गाडी, विमानाची तिकिटं. आणि आपला पीएचडी झालेला माणूस तासिका तत्त्वावर. पालकच फोटो बघून ॲडमिशन घेतात.

तासगावचा_मास्तर

@जळगावी_भरीत, तुमचा राग बरोबर आहे आणि वहिनींना लवकर मिळो. मी मागच्याचा विचार केलेला नाही असं नाही, म्हणूनच तर झोप लागत नाहीये. इंटरनॅशनल शाळांचं म्हणालात ते शंभर टक्के. मी तिथं असतो तर मीही त्या फ्लॅटवाल्याला सरसर म्हटलं असतं.

@वैदर्भीय_मॅडम, तुमचं वाचून माझ्या तक्रारी परत घ्याव्या वाटल्या. थोडा वेळ.

काळीमैना

मास्तर, शब्द राहिले.

तासगावचा_मास्तर

हो हो, मैनाताई. घ्या.

इथं शिक्षक म्हणजे "ख्रू". गुरू! विद्यापीठातल्याला "आचान", आचार्य. प्राथमिक म्हणजे "प्रथोम", माध्यमिक "मत्थयोम". विद्यापीठ "महाविथ्यालाय". वार बघा, चान म्हणजे चंद्र सोमवार, फुत बुधवार, सुक शुक्रवार, साव शनिवार. गुरुवार म्हणजे "फारुहत", हा बृहस्पती आहे, पत्ता लागायला मला सहा महिने लागले.

एक फायदा आपल्याला जबर आहे. यांच्या भाषेत प-फ, त-थ, क-ख वेगळे, आपल्यासारखेच. गोऱ्यांना हा फरक कानाला कळतच नाही, आपण पहिल्या दिवसापासून बरोबर. पण सूर! "क्लाय" म्हणजे जवळ आणि "क्लाय" म्हणजे लांब, फक्त सुराचा फरक. रिक्षावाल्याला विचारलं शाळा जवळ आहे का, तो हसला, मी चाललो, पाच किलोमीटर.

हजेरी घेताना मात्र सगळी संस्कृती संपते. कागदावरची नावं लांबलचक, अर्धी संस्कृतच, पण ती कुणी वापरत नाही. टोपणनावं असतात, आईबापानीच ठेवलेली. माझ्या वर्गात बिअर आहे, बँक आहे, गोल्फ आहे, बेंझ आहे, आईस दोन आहेत. पहिल्या आठवड्यात मी फोनवर आईला म्हणालो, आज बिअर आजारी होता म्हणून बँकेला फळ्यावर बोलावलं. आईनं फोन वडिलांकडं दिला.

पोटभर

मी ऑफिसात हसतोय, बॉस बघतोय.

खवट_खोबरं

आईस दोन आणि बिअर एक, प्रमाण चुकतंय.

काळीमैना

मस्त! पण एक विचारू? तुम्हाला तिथे काय म्हणतात? मी कुठेतरी वाचलंय की भारतीयांना एक वेगळाच शब्द आहे.

तासगावचा_मास्तर

आहे. गोऱ्याला "फरांग", आपल्याला "खॅक". अरब, मलय, भारतीय सगळे खॅक. बँकॉकला सिलोम रस्त्यावर मारिअम्मनचं देऊळ आहे त्याला सगळे "वाट खॅक" म्हणतात, रिक्षावाल्याला मारिअम्मन सांगून उपयोग नाही. एक म्हणही आहे, साप आणि खॅक एकदम दिसले तर आधी खॅकला बडवा. मला ती एका म्हाताऱ्या मास्तरांनी हसत हसत सांगितली, मीही हसलो, दुसरं काय करणार.

पण खॅक या शब्दाचा साधा अर्थ माहितेय काय? पाहुणा. घरी पाहुणे आले तरी हाच शब्द. चौथं वर्ष आहे आणि स्टाफरूममध्ये अजून मला खुर्ची पुढं करतात, पाणी आणून देतात, आणि मीटिंग सुरू झाली की कुणी सांगत नाही काय चाललंय. दीड तास बसायचं, टाळ्या वाजल्या की वाजवायच्या. शाळेला उद्या सुट्टी आहे हे मला विद्यार्थ्यांकडून कळतं. एकदा तेही कळलं नाही, मी गेलो, अख्ख्या शाळेत मी आणि कुत्री.

आणि नापास कुणाला करायचं नाही. कोरा पेपर दिलेल्या पोराचीही परत परीक्षा, परत परीक्षा, शेवटी विभागप्रमुख बाई गोड हसून म्हणतात "माय पेन राय", असू द्या, आणि पोरगं पास. मग मी फळ्यासमोर उभं राहून नक्की काय करतोय?

अनुराधा_शारजा

आठवीपर्यंत पास, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं होतंच की. तेव्हा तुम्ही वर्गातच होता ना. :)

लाटकर

मीटिंगचं अगदी अगदी. माझ्या बेटावर सगळी मीटिंग धिवेहीत आणि शेवटी मुख्याध्यापक माझ्याकडे वळून इंग्रजीत "ओके सर?" मी सात वर्षं "ओके" म्हणालो. कशाकशाला हो म्हणालोय देव जाणे.

पण पाहुणेपण कधी कधी गळून पडतं. डिसेंबर २०१४ ला मी बदली होऊन मालेमध्ये होतो. समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या प्लँटला आग लागली आणि अख्ख्या राजधानीचे नळ कोरडे. विहिरी नाहीत, नदी नाही, पाऊस नाही. दुकानांतल्या बाटल्या पहिल्या दिवशीच संपल्या. भारतातून विमानांनी पाणी आलं, नौदलाची जहाजं आली. मी रांगेत उभा, हातात दोन कॅन, आणि माझ्या मागे माझ्याच वर्गातली पोरं. एकानं माझा कॅन उचलून पुढे नेला, म्हणाला सर तुमच्या देशाचं पाणी आहे, तुम्ही आधी. मी म्हटलं गप रे, रांगेत राहा. सगळे हसले. तो एक दिवस मी पाहुणा नव्हतो, फक्त पाणी नसलेला माणूस होतो.

अण्णा_फलटणकर

लाटकर, सुंदर लिहिलंत. मास्तर, थायलंडमध्ये गुरुपूजनासारखं काही असतं असं मागे एका सहलीत गाइड म्हणाला होता. ते सांगा.

तासगावचा_मास्तर

अण्णा, तेच शेवटी लिहायचं होतं, तुम्ही आधीच विचारलंत.

"वाय ख्रू" म्हणतात. शाळा मेमध्ये सुरू होते आणि जूनमध्ये हा दिवस, सहसा गुरुवारी, कारण गुरुवार बृहस्पतीचा. मला कुणीच सांगितलं नव्हतं (मीटिंगमध्ये सांगितलं असेल, टाळ्या वाजवल्या असतील मी). मी आपला सकाळी आठला प्रमेयं घेऊन तयार. हॉलमध्ये नेलं, स्टेजवर खुर्चीत बसवलं. खाली हजार-बाराशे पोरं मांडी घालून. मग वर्गावर्गातली दोन-दोन मुलं गुडघ्यांवर चालत आली, हातात केळीच्या पानांची आणि फुलांची रचना असलेलं तबक. ती तबकं आदल्या दिवशी मुलं स्वतः करतात, रात्री उशिरापर्यंत.

माझ्यासमोर जी मुलगी आली तिचं नाव फॉन, म्हणजे पाऊस, गणितात ढ, पण ढ. तबक माझ्या हातात देऊन डोकं जमिनीला टेकवलं तिनं. मी तबकात बघतोय तर लाल फुलं, आपल्याकडं मंदिराबाहेर असतात ती पेंटगुळी का काय म्हणतात ती, वांग्याची फुलं, भाताच्या लाह्या, आणि बाजूनं खोचलेल्या दुर्वा. दुर्वा! वेगळं काही नाही, आमच्या विहिरीच्या कडेला असते तीच हराळी, जुडी बांधलेली. नंतर मुलांनी सांगितलं, लाल फूल टोकदार म्हणून बुद्धी, वांग्याचं फूल खाली वाकतं म्हणून नम्रता, आणि ते गवत तुडवलं तरी परत वाढतं म्हणून.

मी चतुर्थीला आजीला दुर्वा निवडून द्यायचो, तीन पानांची, पाच पानांची. गावाकडच्या शाळेत सहा वर्षांत ५ सप्टेंबरला मला गुलाबाचं एक प्लास्टिक मिळायचं, तेही मुलांकडून पैसे गोळा करून. आणि इथं मी पाहुणा, मागच्या रकान्यातला, माझ्या मांडीवर हराळीची जुडी. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारी तेव्हाचा एक गोरा मास्तर बसलेला, तो घाबरून विचारतोय, यू ओके? त्याला काय सांगू.

दुसऱ्या दिवशी फॉनला अपूर्णांक येत नव्हते. ओरडलो. हसली.

वैदर्भीय_मॅडम

आता मीच रडते आहे इथं पार्किंगमध्ये.

काळीमैना

ती लाल फुलं म्हणजे इक्झोरा, पेंटगुळीच, बरोबर आहे तुमचं. आणि दुर्वांचं वाचून काटा आला.

जळगावी_भरीत

बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली तुम्ही उगाच बोललात त्यांना. माझा मुद्दा तसाच आहे, पण सूर जरा जास्त होता, सॉरी मास्तर.

पण एक विचारतो, हे सगळं वर्षातून एक दिवस. बाकीचे दिवस मीटिंगमध्ये टाळ्या. एका दिवसासाठी राहणार का माणूस? आणि इकडे गावात आईवडील, बाग, उद्या वय होणार त्यांचं. इकडच्या शाळेत दुर्वा नसतील पण उद्या सुट्टी आहे हे तर कळेल!

अनुराधा_शारजा

भरीत यांच्याशी मी सहमत, आश्चर्य म्हणजे. मास्तर, मी १७ वर्षं "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणत राहिले. ग्रॅच्युइटी वाढते म्हणून एक वर्ष, मुलीची दहावी म्हणून एक वर्ष. सासूबाई गेल्या तेव्हा तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पैसे चुकीचे नाहीत, पण वर्षं मोजायला कुणी रकाना ठेवत नाही.

लाटकर

मी उलट सांगतो. मी परत आलो, क्लास बरा चालतो, पण पहिल्या दोन वर्षांत सातारला मला कोण विचारत होतं? "मालदीवला होता? हनिमूनला?" शाळेत मुलाखतीला गेलो तर म्हणाले तिकडचा अनुभव धरता येत नाही. सात वर्षं शून्य. तुमचा पोर्टलचा नंबर लागलाय तर ते वेगळं, पण परत आलं की आपण आपलेच होतो असं समजू नका. अण्णांचे वडील आठवा, हबशी मास्तर.

पोटभर

सल्ला नाही, पण मास्तर काहीही ठरलं तरी हिंग मी पाठवतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तासगावचा_मास्तर

तीन आठवडे गायब होतो, परीक्षा, पेपर, "माय पेन राय". सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले.

काय झालं ते सांगतो. एप्रिलमध्ये सोंगक्रानची (थाई नववर्ष) सुट्टी आहे त्यात येतोय गावी. कागदपत्रं पडताळणी त्याच सुमाराला आहे, ती करून घेतो, शाळा बघून येतो, कुठल्या गावाला मिळते, मुलं किती, छप्पर आहे का. वडिलांशी समोर बसून बोलतो, फोनवर ते फक्त "तुझं तू बघ" म्हणतात. पडताळणीला गेलो म्हणजे जागा घेतलीच असं नाही, आणि घेणार नसेन तर लगेच लेखी देतो, भरीत, तुमचं लक्षात आहे.

दरम्यान इथल्या करारावर सही केली, कारण नाही केली तर कामाचा व्हिसा मार्चअखेर संपतो आणि सामान घ्यायला परत यायचं तरी पर्यटक म्हणून यावं लागेल. व्हिसा वाढवायचे १९०० बाट भरले. मग दुसरी खिडकी, री-एंट्री परमिट. ते न काढता देशाबाहेर गेलं की व्हिसा रद्द. सिंगल १०००, मल्टिपल ३८००. खिडकीतली बाई विचारते, सिंगल का मल्टिपल. मागं रांग. मी मल्टिपल म्हणालो.

अनुराधा_शारजा

३८०० भरलेत ना? मग आम्हाला कशाला विचारताय, उत्तर दिलंत की तुम्ही.

जळगावी_भरीत

नाही ताई. मल्टिपल म्हणजे सारखं घरी यायचा विचार आहे त्यांचा. मी तरी तसंच वाचतो.

खवट_खोबरं

दोघेही एकाच पावतीवर भांडतायत.

तासगावचा_मास्तर

ताई, भरीत, खरं सांगतो, मलाही माहीत नाही. मागं रांग होती.

शिक्षक_इच्छुक_९८

नमस्कार सर खूप छान माहिती. मी बी.पी.एड. आहे, थायलंडला चालेल का? एजंटचा नंबर व्यनि करावा. आणि मल्टिपल घ्यावे की सिंगल?